लॉगिन होईपर्यंत

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर त्या सोमवारी सकाळी साडेसातलाच ट्रक खोळंबले होते. पहिला ट्रक काट्यावर चढलेला, वजनाचा आकडा पाटीवर स्थिर झालेला, ड्रायव्हर चलान हातात घेऊन केबिनच्या खिडकीशी उभा. आतल्या मुलानं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, एंटर दाबलं. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं जागची हलली नाहीत. तळाच्या पट्टीत ‘एक्स सिस्टीम’ एवढीच खूण उमटली. तिचा अर्थ त्या मुलाला पाठ आहे: कीबोर्ड बंद, यंत्र कामात आहे, थांबा. शुक्रवारपर्यंत ही खूण दिसते न दिसते तोच नाहीशी व्हायची. आज ती हटेना. अर्धं मिनिट उलटून गेल्यावर मेनू आला आणि वजनाची नोंद झाली. ट्रक पुढे गेला तो स्टोअर्सच्या खिडकीपाशी अडला, कारण आलेल्या मालाची पावती करणाऱ्या ताईंचंही लॉगिन तसंच अडकलं होतं. कामाविना काही मिनिटं गेली की इथलं सेशन सुरक्षेसाठी आपोआप तुटतं. त्यामुळे सकाळी एकदा आत गेलं की दिवस निभावला, असंही नाही. प्रत्येक टेबलावर पुन्हा पुन्हा नाव, पासवर्ड, एंटर, आणि ती खूण.

शनिवारी रात्री या कारखान्याची संगणक-यंत्रणा नव्या यंत्रावर हलवली होती. नवं यंत्र जुन्यापेक्षा सगळ्याच बाबतींत वरचढ. रविवारी चाचण्या झाल्या, सगळं ठीक आहे असा निरोप मॅनेजरसाहेबांना गेला होता.

या अंकासाठी संपादकांनी यंदा ‘खोळंबा’ हा विषय दिला. रस्ते, कोर्टकचेऱ्या, रेल्वे यांवर इतर लेखक लिहितीलच. पण कारखाना, बँक, सरकारी कचेरी, सगळीकडे माणसं रोज सकाळी संगणकासमोर बसून आत शिरण्याची वाट पाहतात. ‘सिस्टीम स्लो आहे’ हे चार माणसांत बोललं जाणारं वाक्य झालं आहे, आणि त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. मला तो प्रश्न विचारायचा होता: यंत्रणा सुधारली, तर आत शिरायला उशीर का होतो? आणि तो उशीर नेमका कुठे असतो?

ईडीपीची खोली

या कारखान्यात आयटी विभागाला अजून ‘ईडीपी’च म्हणतात. खोलीतला गारवा, पंख्यांचा एकसुरी आवाज आणि कपाटात बांधून ठेवलेले जुने रुंद कागदाचे प्रिंटआउट. विभागाचे प्रमुख पंचवीसेक वर्षं इथे आहेत. त्यांची यंत्रणा आयबीएमची, जिला सगळे जण ‘एएस फोर हंड्रेड’ म्हणतात. अधिकृत नाव केव्हाच बदललं आहे. २१ जून १९८८ रोजी आयबीएमनं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर इथे घडवलेली ही यंत्रणा जाहीर केली. २००० साली ती ‘आयसिरीज’ झाली, २००६ साली ‘सिस्टीम आय’, आणि २००८पासून तिच्या कार्यप्रणालीला ‘आयबीएम आय’ म्हणतात. आपल्याकडे ती आली नव्वदच्या दशकात. आयबीएमनं १९७८ साली भारतातून काढता पाय घेतला होता आणि १९९२ साली टाटांबरोबर भागीदारी करून ती परतली. त्या काळात मोठ्या कारखान्यांनी आणि बँकांनी ही यंत्रं घेतली, आणि त्यांच्यावर मराठी मुलांनी लिहिलेले साठा-हिशेबाचे, पगाराचे, डिस्पॅचचे प्रोग्रॅम आजही चालतात. जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर फारसे न बदलता चालणं हा या यंत्रणेचा मोठा गुण. आपल्या गोष्टीतली अडचण काही अंशी त्याच गुणातून आली आहे.

यंत्रणा बदलायचं कारण साधं होतं. कारखाना ‘७.३’ या आवृत्तीवर होता. ती २०१६ची. तिचं नेहमीचं साहाय्य आयबीएमनं सप्टेंबर २०२३ अखेर बंद केलं. त्यापुढे सुरक्षेची दुरुस्ती मिळवायची तर वेगळे पैसे मोजा, नाहीतर पुढच्या आवृत्तीवर जा. २०२२ साली आलेली ‘७.५’ ही आवृत्ती पॉवर ९ किंवा त्यापुढच्या प्रोसेसरवरच चालते, म्हणून यंत्रही नवं घ्यावं लागलं. नवं यंत्र नव्या रॅकमध्ये, नव्या नेटवर्कवर बसलं, आणि जुन्या खोलीतली यंत्रं त्याच आठवड्यात बंद झाली.

“लोकांना वाटतं, नवीन मशीन म्हणजे वेग,” प्रमुख म्हणाले. “आमच्यासाठी नवीन मशीन म्हणजे आधी सगळे पत्ते नवीन.”

त्या सकाळी त्यांचा फोन सारखा वाजत होता. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा तरुण इंजिनिअर फोनवर सांगत होता की मेमरी वाढवून बघू, इंटरॅक्टिव्ह कामांना जास्त वाटा देऊ. प्रमुखांनी त्याचं ऐकून घेतलं आणि समोरच्या पडद्यावर सबंध यंत्रणेची स्थिती दाखवणारी आज्ञा दिली. प्रोसेसरचा वापर एक आकडी टक्क्यांत. मेमरीत पानं शोधण्याची धावपळही नाही. यंत्र जवळजवळ रिकामं बसलं होतं.

“हे दमलेलं नाही,” ते म्हणाले. “हे कशाची तरी वाट बघतंय.”

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. आपण ‘स्लो’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. यंत्रावर काम जास्त झालं की ते हळू होतं. तिथे मेमरी, प्रोसेसर, डिस्क यांचा उपयोग होतो. पण यंत्र कुणाला तरी काही विचारून उत्तरासाठी थांबलेलं असेल, तर दहापट ताकदीचं यंत्रही तितकाच वेळ थांबेल. अपग्रेडनंतर लॉगिनला उशीर होतो तेव्हा बहुतेकदा हा दुसरा प्रकार असतो आणि खरेदी पहिल्या प्रकाराची होते.

एंटरपासून मेनूपर्यंत

लॉगिन ही आपल्याला एक क्रिया वाटते. प्रत्यक्षात ती एक लांब साखळी आहे. काट्यावरच्या पीसीला आधी मुख्य यंत्राचं नाव माहीत असतं, पत्ता नसतो. तो नेटवर्कवरच्या नामनोंदणी सर्व्हरला, म्हणजे डीएनएसला, पत्ता विचारतो. मग मुख्य यंत्राच्या साइन-ऑन सर्व्हरशी बोलतो, ओळख पटवतो, आणि टर्मिनलची जोडणी मागतो. मुख्य यंत्र त्याला एक आभासी टर्मिनल नेमून देतं. तेव्हा कुठे तो पडदा दिसतो: वर उजवीकडे यंत्रणेचं, सबसिस्टीमचं आणि डिस्प्लेचं नाव, खाली यूजर आणि पासवर्ड, त्याखाली प्रोग्रॅम, मेनू आणि लायब्ररी अशा तीन रिकाम्या जागा, ज्या सहसा कुणी भरत नाही.

एंटर दाबल्यावर पासवर्ड तपासला जातो. इथे थोडा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, हेही सांगायला हवं. ७.५ आवृत्तीत पासवर्ड जपण्याची जी सर्वांत कडक पातळी आली, तिच्यात गणित जाणीवपूर्वक जड केलं आहे, म्हणजे चोरलेल्या यादीवरून पासवर्ड ओळखणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महाग पडावा. पण हा उशीर माणसाला जाणवेल इतका नसतो. पुढे यंत्र त्या माणसासाठी एक ‘जॉब’ सुरू करतं, त्याच्या लायब्ररींची यादी लावतं, छपाईची रांग आणि निरोपांची पेटी जोडतं, आणि त्याच्या नावाशी बांधलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम चालवतं. हा प्रोग्रॅम कारखान्यानं स्वतः लिहिलेला असतो. तो फायली उघडतो, आज कोणती शिफ्ट ते ठरवतो, अधिकार तपासतो आणि शेवटी मेनू दाखवतो.

यातली एक कडी अडली, तरी वापरणाऱ्याला दिसतं एकच: एंटर दाबलं आणि काही झालं नाही. म्हणून पहिला प्रश्न असतो, उशीर पडदा दिसण्याआधी आहे की एंटरनंतर? काट्यावर पडदा झटकन येत होता. म्हणजे नाव-पत्ता, जोडणी, आभासी टर्मिनल हे सगळं निर्दोष. एका साध्या निरीक्षणानं निम्मी साखळी संशयातून सुटली.

दुसरा प्रश्न: सगळ्यांनाच उशीर होतो का? ईडीपीतल्या कुणालाच होत नव्हता. ते नाव-पासवर्ड टाकून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आत जात होते. रविवारच्या चाचण्या त्यांनीच केल्या होत्या, त्यांच्याच नावांनी. त्यांच्या नावांना सुरुवातीचा प्रोग्रॅम बांधलेलाच नाही. ते थेट आज्ञा देण्याच्या ओळीवर पोचतात. स्टोअर्स, काटा, क्वालिटी, डिस्पॅच यांच्या नावांना तो बांधलेला आहे. प्रमुखांनी स्टोअर्सच्या ताईंच्या नावासारखंच एक तात्पुरतं नाव तयार केलं, त्यावरची बंधनं जराशी सैल केली, आणि साइन-ऑनच्या पडद्यावरच्या त्या रिकाम्या ‘प्रोग्रॅम’ जागेत ‘नन’ लिहिलं. म्हणजे सुरुवातीचा प्रोग्रॅम चालवू नकोस. लॉगिन क्षणात झालं. पुन्हा तेच नाव, जागा रिकामी ठेवून. खूण उमटली आणि थांबली.

ती थांबलेली असतानाच त्यांनी दुसऱ्या टर्मिनलवरून चालू जॉबची यादी काढली आणि त्या जॉबच्या आत डोकावले. या यंत्रणेत कोणताही जॉब या क्षणी कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या पायरीवर आहे, ते एका पर्यायानं बघता येतं. पडद्यावर प्रोग्रॅमांची उतरंड आली. सर्वांत खाली यंत्रणेचे स्वतःचे, नेटवर्कशी बोलणारे प्रोग्रॅम. त्यांच्या जरा वर एक आठ अक्षरी नाव. प्रमुख पुढे झुकले.

“हा आपला आहे. पण हा कोणी लिहिलाय?”

पत्ता बदललेलं घर

तो प्रोग्रॅम बऱ्याच वर्षांपूर्वी, कारखाना सोडून गेलेल्या एका प्रोग्रॅमरनं लिहिला होता. कोण कोणत्या पीसीवरून आत येतं याची नोंद ठेवा, असं तेव्हाच्या एका ऑडिटमध्ये सांगितलं होतं. यंत्राला पीसीचा अंकी पत्ता कळत होता. ऑडिटरला नाव हवं होतं. म्हणून हा प्रोग्रॅम प्रत्येक लॉगिनला अंकी पत्ता देऊन डीएनएसकडे नाव मागायचा, आणि ते मिळालं नाही तर पुन्हा मागायचा. त्या नोंदी भरल्या जात होत्या, पण कुणी वाचत नव्हतं. त्या प्रोग्रॅमला पगार नव्हता, सुट्टी नव्हती, आणि कोणत्याही यादीत त्याचं नाव नव्हतं.

मुख्य यंत्राच्या जोडणीत डीएनएसचे दोन पत्ते लिहिलेले होते. जुन्या यंत्राची मांडणी जशीच्या तशी नव्यावर उतरवली गेली, तेव्हा तेही आले. त्यांतला पहिला पत्ता जुन्या खोलीतल्या सर्व्हरचा होता, आणि तो सर्व्हर रविवारी संध्याकाळी बंद करून ट्रॉलीवर चढवला होता. सोमवारी सकाळी प्रत्येक लॉगिनला यंत्र त्या बंद सर्व्हरला नाव विचारत होतं. रिकाम्या घराची कडी वाजवून ओसरीवर उभं राहावं, तसं उत्तराची ठरावीक वेळ वाट बघत होतं, मग पुन्हा विचारत होतं, आणि शेवटी दुसऱ्या पत्त्याकडे वळत होतं. नव्या नेटवर्कमधल्या पीसींची नावं दुसऱ्याकडेही नव्हती. तो लगेच ‘माहीत नाही’ म्हणायचा, आणि आपला प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

बंद सर्व्हरचा पत्ता काढायला काही मिनिटं पुरली. त्यानंतर स्टोअर्समधलं लॉगिन पूर्वीसारखं दोन-तीन सेकंदांत होऊ लागलं. तो जुना प्रोग्रॅम ठेवायचा की काढायचा, हे ऑडिटशी बोलून ठरवू, असं प्रमुखांनी वहीत लिहून ठेवलं. मला ते योग्य वाटलं. ज्याचं कारण आज माहीत नाही, ती गोष्ट घाईत काढून टाकणं हेही पुढच्या खोळंब्याचं बी असतं.

पहिल्या दिवसाचा उशीर वेगळा

त्या सकाळी आणखी एक हळूपण होतं, आणि त्याला हात लावायचा नाही हे प्रमुखांना ठाऊक होतं. मेनू आल्यावर पहिल्यांदा अहवाल काढणाऱ्याला तो उशिरा मिळत होता. तोच अहवाल दुसऱ्यानं काढला की पटकन. नवी कार्यप्रणाली बसवताना तिचे अनेक घटक दाबून, लहान करून आलेले असतात आणि ते यंत्रावर उलगडावे लागतात. त्यासाठी यंत्रणा काही जॉब मागच्या दारानं, सवडीनं चालवत राहते. डेटाबेसचंही तसंच. कोणती माहिती कोणत्या वाटेनं शोधायची याचे आराखडे यंत्र पूर्वीच्या अनुभवावर जपून ठेवतं. नव्यानं सुरू झाल्यावर ते पुन्हा आखावे लागतात, आणि आखण्याचा भार पहिल्या विचारणाऱ्यावर पडतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण या क्षेत्रातले जुने लोक अजून सांगतात. २००८ साली आलेल्या ६.१ या आवृत्तीवर जाताना प्रत्येक जुना प्रोग्रॅम नव्या रूपात बदलून घ्यावा लागत होता. आधीच बदलून घेतला नसेल, तर तो पहिल्यांदा हाक मारली की त्या क्षणी बदलला जायचा. म्हणजे सोमवारी सकाळी सर्वांत आधी लॉगिन करणाऱ्या बिचाऱ्या कारकुनाच्या डोक्यावर सगळं रूपांतर. आयबीएमनं आधी तपासणी करण्याचं साधन दिलं होतं. ज्यांनी ते वापरलं, त्यांचा सोमवार सुरळीत गेला.

पहिल्या दिवसाचा उशीर कामाचा असतो. तो तासागणिक कमी होतो, माणसागणिक वेगळा असतो, आणि त्या वेळी प्रोसेसर राबताना दिसतो. दुसरा उशीर उत्तराविना थांबण्याचा. तो गर्दी असो नसो, तितकाच असतो, दुपारीही आणि रात्रीच्या शिफ्टलाही. मोबाइलवर वेळ लावून बघितलं तर आकडा दर वेळी जवळपास तोच निघतो. आकडा असा ठाम असेल तर समजावं की कुणीतरी कुठेतरी ‘इतके सेकंद वाट बघ’ असं लिहून ठेवलं आहे. लिनक्समध्ये नावाचा शोध मुळात एका सर्व्हरसाठी पाच सेकंद थांबतो आणि दोनदा प्रयत्न करतो. विंडोजमध्ये लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी ग्रुप पॉलिसी मुळात ६०० सेकंदांपर्यंत थांबायला तयार असते. दहा मिनिटं! तेवढ्यात शिफ्टचा हजेरीपट भरून होतो.

वाट बघण्याची ही मर्यादा किती आडबाजूला दडलेली असू शकते, याचा एक नामी किस्सा विंडोज ७चा आहे. ही आवृत्ती २००९ साली आली. काही लोकांना लॉगिन केल्यावर ‘वेलकम’ हा पडदा बरोबर तीस सेकंद दिसत राहायचा. यंत्रात दोष नाही, नेटवर्कमध्ये नाही. दोष निघाला डेस्कटॉपच्या पार्श्वभूमीत. ज्यांनी चित्राऐवजी एकरंगी पार्श्वभूमी ठेवली होती, त्यांनाच हा त्रास होत होता. मायक्रोसॉफ्टनं ९७७३४६ क्रमांकाच्या टिपणात तो मान्य करून दुरुस्ती दिली. तिथले ज्येष्ठ अभियंते रेमंड चेन यांनी पुढे कारण उलगडून सांगितलं. डेस्कटॉपच्या प्रत्येक भागानं ‘मी तयार आहे’ असा निरोप द्यायचा, सगळे निरोप आले की ‘वेलकम’ हटायचा, आणि कुणाचा निरोप आलाच नाही तर तीस सेकंदांनी वाट पाहणं सोडून द्यायचं, अशी व्यवस्था होती. पार्श्वभूमीचा निरोप चित्र उतरवण्याच्या ओळींमध्ये लिहिलेला होता. चित्रच नाही, तर निरोपही नाही. जगातल्या कोणत्याही महागड्या प्रोसेसरनं ते तीस सेकंद कमी झाले नसते.

पतसंस्थेतला चहा

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी गेले ते याच कामासाठी. तिथे जुना विंडोज सर्व्हर बदलून नवा बसवला होता. यंत्रणा लहान, पण माणसं तीच. सकाळी कुलूप उघडून, देवाला उदबत्ती लावून, पीसी सुरू करून सगळे चहाला जातात. “चहा पिऊन येईपर्यंत आत गेलेलं असतं,” काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. त्यात तक्रारीचा सूरही नव्हता. इतक्या दिवसांत ती पद्धत झाली होती.

कारणं ओळखीचीच. लॉगिन स्क्रिप्टमध्ये झेड ड्राइव्ह अजून जुन्या सर्व्हरच्या नावानं जोडला जात होता, तो सर्व्हर आता माळ्यावर होता. एक प्रिंटर मोडीत गेलेला, पण यादीत जिवंत. आणि एका कर्मचाऱ्याच्या डेस्कटॉपवर भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ होते. या संस्थेत प्रत्येकाचं डेस्कटॉप सर्व्हरवर जपलं जातं आणि लॉगिनच्या वेळी पीसीवर उतरतं. रोज सकाळी ते लग्न तालुक्याच्या लाइनवरून शाखेत यायचं. अर्ध्या दिवसाच्या कामात हे सगळं सुटलं.

पण तिथे मला जे खटकलं, ते वेगळंच. व्हाउचर एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं, हा आर्थिक संस्थेतला मूलभूत नियम. मेकर आणि चेकर वेगळे. लॉगिनला इतका वेळ लागतो म्हटल्यावर शाखाधिकारी सकाळी एकदा आत जाऊन पडदा उघडाच ठेवत. बाहेर गेले तर पासवर्ड काउंटरवर ठाऊक होता. भरणारा आणि पास करणारा एकच हात, पण नोंदीत नावं दोन. कुणाच्या मनात पाप नव्हतं. समोर पेन्शनच्या पैशांसाठी आलेले आजोबा उभे असताना दोन-दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसणं त्यांना बरं वाटत नव्हतं, इतकंच. उद्या हिशेब जुळला नाही तर मात्र नोंदवहीतल्या नावाच्या माणसालाच उत्तर द्यावं लागेल.

चाकणमध्येही त्या सोमवारी अकरा वाजेपर्यंत स्टोअर्समधल्या तिघांनी एकच लॉगिन वापरायला सुरुवात केली होती. उशिरानं वाया जाणारी मिनिटं मोजता येतात. माणसं उशिरावर जो उपाय शोधतात, तो मोजला जात नाही, आणि खोळंबा संपल्यावरही तो टिकून राहतो. मला लॉगिनचा उशीर गंभीर वाटतो तो यासाठी.

पासवर्डची सुरुवातच वेळेच्या वाटणीतून झाली, हे इथे आठवतं. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटानं एकच महागडं यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची यंत्रणा दाखवली. प्रत्येकाची फाइल आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ वेगळा ठेवायला पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला नेमून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा त्यानं पासवर्डची सबंध फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावानं काम केलं. तेव्हाही कारण हेच होतं: काम पडलं आहे आणि यंत्र आत घेत नाही.

वेळेचं मोल आयबीएमच्याच वॉल्टर डोहर्टी आणि अहर्विंद थडाणी यांनी १९८२ साली मांडलं होतं. यंत्राचं उत्तर एका सेकंदाच्या आत आलं, तर माणसाचं काम वाचलेल्या सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त वाढतं, कारण विचारांची तार तुटत नाही. उलटंही खरं आहे. अर्धं मिनिट थांबलेला माणूस मोबाइल उचलतो, आणि तो खाली ठेवायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतो.

अपग्रेडच्या आधी

चाकणच्या प्रमुखांनी त्या आठवड्यात त्यांच्या वहीत जे लिहिलं, ते मी त्यांच्या परवानगीनं इथे सांगते, कारण ते कोणत्याही कचेरीला लागू आहे. यंत्रणा बदलण्याच्या आधीच्या शुक्रवारी तीन-चार टेबलांवर जाऊन लॉगिनला लागणारे सेकंद मोजून तारखेसह लिहून ठेवायचे. नाहीतर सोमवारी ‘पूर्वीपेक्षा स्लो’ म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येत नाही. चाचणी घेताना ईडीपीच्या नावांनी घ्यायची नाही. काट्यावरच्या मुलाला आणि स्टोअर्सच्या ताईंना रविवारी अर्धा तास बोलवायचं, त्यांचा ओव्हरटाइम लावायचा. जुनी यंत्रं लगेच विकायची नाहीत. आधी फक्त त्यांची नेटवर्कची वायर काढायची आणि चार दिवस कोण कण्हतं ते बघायचं. मुख्य यंत्र कुणाकुणाशी बोलतं, त्याचा कागद करायचा आणि तो खोलीच्या दाराला आतून चिकटवायचा.

आणि जे आपल्यासारखे पडद्याच्या या बाजूला बसतात, त्यांच्यासाठी. लॉगिन अडलं तर शेजाऱ्याचा पासवर्ड मागू नका, स्वतःचा देऊ नका. आयटीवाल्यांना नुसतं ‘स्लो आहे’ असं कळवू नका. तीन गोष्टी सांगा: पडदा दिसायला उशीर झाला की एंटर दाबल्यावर, घड्याळात किती सेकंद लागले, आणि शेजारच्या पीसीवर तुमच्याच नावानं आत गेल्यावर तेवढेच लागले का. एवढ्या तीन उत्तरांवर जाणकार माणूस निम्मा शोध फोनवरच संपवतो.